देठातला लाल दोरा

१

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात अजून आमरसाचा वास रेंगाळत असताना, पल्लवीने बैठकीतल्या काचेच्या कपाटाची चावी फिरवली, दार ओढलं आणि ती जागच्या जागी थिजली. हातात मोबाइल होता. "नमस्कार सर, आज शेवटच्या पेल्याचा देठ सांगते," एवढं बोलून झालं होतं, आणि शेवटचा पेलाच जागेवर नव्हता. मखमलीवर त्याच्या बुडाचा गोल वळ तेवढा राहिला होता.

"आई! बाबा! इकडे या ना!"

आईबाबांच्या आधी पोचल्या त्या कोकिळाबाई. विनायकरावांची ही थोरली बहीण म्हणजे बुऱ्हाणपुरात इतवाऱ्यातल्या मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. आखाजीला लेकी माहेरी येतात. कोकिळाबाईंचं माहेर सिंधीपुऱ्यात, त्यांच्या स्वतःच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण सत्तरीला टेकल्या तरी हा मान त्यांनी एकदाही सोडला नव्हता. दोन दिवस राहायचं, झोपाळ्यावर बसायचं, खापरावरची पुरणपोळी खायची आणि भावजयीच्या संसारातल्या उणिवा काढायच्या, असा त्यांचा शिरस्ता होता.

"आत्या, पेला गायब आहे," पल्लवी म्हणाली. "कुलूप तर लावलेलं होतं. मी आत्ताच चाबी फिरवली, कसम से."

हे सहा पेले विनायकरावांच्या आजोबांना एका कापड गिरणीच्या इंग्रज साहेबाने मायदेशी परतताना दिले होते. व्हेनिसच्या धाटणीचे, जुने, हातात धरले तर वजनच लागू नये इतके हलके. वरच्या वाट्या सगळ्यांच्या सारख्याच, खरी कारागिरी देठात. एकाच्या देठाला निळ्या काचेचे दोन नाग वेटोळं घालून बसलेले, एकाला फणीसारख्या दातांचे पंख, एकाच्या मधोमध पोकळ गोळा आणि त्यावर उठवलेलं सिंहाचं तोंड. आणि जो गेला, त्याच्या देठात पांढऱ्या काचेचे बारीक धागे पीळ घेत वरून खाली उतरलेले. आजोबा तुळशीची माळ घालणारे. ज्यातून साहेब दारू प्यायला त्यात आपल्या घरात पाणीसुद्धा ओतायचं नाही, असा त्यांनी नेम केला आणि पेले कपाटात बसवले. तेव्हापासून त्यात थेंब पडला नव्हता. पुसायचे तेही कोरड्या मलमलीने, फक्त बाहेरून.

आता मुंबईच्या एका संग्रहालयातले साहेब अशा पेल्यांचं प्रदर्शन भरवणार होते. फोटोत काचेपेक्षा तिच्यात उमटलेली समोरची खिडकीच जास्त दिसते, म्हणून त्यांनी पल्लवीला सांगितलं होतं, एकेक देठ शब्दांत सांगा, पेल्याचं कूळ देठावरून कळतं. पल्लवी इंदूरची, कलेचा इतिहास शिकलेली, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. वर्णन पसंत पडलं तर प्रदर्शनाच्या कामावर तिला घेणार होते. विनायकरावांना आकाश ठेंगणं झालं. चाळीस वर्षं बायकोच्या, म्हणजे लीलाबाईंच्या, कमरेच्या जुडग्यात असलेली कपाटाची चावी त्यांनी पाहुण्यांसमोर काढून घेतली आणि धाकट्या सुनेच्या हातात ठेवली. "ही शिकलेली आहे," म्हणाले. लीलाबाई हसल्या होत्या. कोकिळाबाईंना, खोटं कशाला बोला, ते पाहून मनातून गार वाटलं होतं.

विनायकराव आले. बैठकीच्या भिंतीवर खतकंपनीने भेट दिलेला थर्मामीटर होता. त्यातला लाल दोरा कुठवर चढला ते रोज सकाळी घराला ऐकवायचं, हा त्यांचा नेम. आज त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"चावी कोणाकडे होती?"

"माझ्याकडे, बाबा."

"दुसरी चावी?"

"दुसरी नाहीच आहे."

"मग पेला कोणाकडे असेल?" विनायकरावांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता कपाटाचं दार धाडकन लावलं.

"उचलून लावा, उचलून," मागून लीलाबाई सवयीने पुटपुटल्या. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

२

विनायकरावांचा राग दुधासारखा, एकदम वर येणारा. त्यांनी थोरल्या मुलाला, अमोलला, हुकूम सोडला: उद्या सकाळच्या बसने पल्लवीला इंदूरला पोचवून ये, पेला सापडला की बघू. पल्लवीचा नवरा अक्षय खंडव्याला बँकेत, शनिवारशिवाय घरी नसायचा. आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते ती मिरवत. या पोरीने देठांच्या कामापायी यंदाची आखाजी सोडली होती, आणि आता तिला धाडणार होते ते चोर म्हणून.

"उद्या सकाळपर्यंत मला वेळ दे, विनायक," कोकिळाबाई म्हणाल्या.

"तू काय करणार, अक्का?"

"शाळेत करायचे तेच."

विनायकराव तणतणत देवघरात गेले. निरांजन लावलं तर वात तडतडायला लागली. दोनदा ठिणगी उडाली आणि ज्योत विझली. "आज वातसुद्धा धड जळेना!" ते ओरडले. "अपशकुन आहे हा!" लीलाबाईंनी दुसरी वात पुढे केली.

शाळेत कोकिळाबाईंनी डबे चोरणाऱ्या, पेनं लांबवणाऱ्या पुष्कळ मुली पकडल्या होत्या. त्यांची रीत साधी होती. "तू घेतलंस का?" असं त्या कधी विचारायच्या नाहीत. गेलेली वस्तू कशी होती ते सांग, म्हणायच्या. ज्याने जशी पाहिली तशीच तो सांगतो, आणि कुठे बसून पाहिली तेही त्यातच सांगून जातो.

पहिला अमोल. त्याचा केळीचा धंदा.

"आत्या, पेले विकायचे मी म्हणत होतो, हे मानतो. इंदूरच्या डीलरशी बोललो पण होतो. पण एकटा पेला कोण घेतो? पूरा सेट असला तर मजा आहे. अन् काल दुपारी मी मंडीत होतो, गाडी भरून राहिलो होतो. कोणालाही विचारा."

"देठ कसा होता ते सांग."

"पांढरा-पांढरा, पीळवाला. आत्या, केळीचा देठ विचारा ना, एका नजरेत सांगतो!"

विनायकरावांनी देठाऐवजी आजोबांचाच इतिहास सांगितला. लीलाबाई स्वयंपाकघरात कैऱ्या चिरत होत्या. विळीवरून मान वर न करता म्हणाल्या, "पांढरा पीळ. अजून काय? मला कशाला विचारता, वन्सं? शिकलेलीला विचारा."

शिकलेली आपल्या खोलीत बॅगेपाशी बसली होती. डोळे सुजलेले. तिने मोबाइल पुढे केला. दोन दिवसांपूर्वी कच्चं म्हणून बोलून ठेवलेलं वर्णन त्यात होतं. कोकिळाबाईंनी ते लक्ष देऊन ऐकलं. "देठ बिनरंगी काचेचा. काचेच्या अंगात दुधी पांढरे धागे, उजवीकडून डावीकडे पीळ घेत उतरलेले. दुसरा कुठलाही रंग नाही. वाटीच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढं छिद्र आहे, वरून सहज दिसत नाही. म्हणजे देठ आतून पोकळ आहे, खाली बुडाशी बंद."

"छान बोलतेस," कोकिळाबाई म्हणाल्या.

"काय फायदा, आत्या? बाबांनी मला डायरेक्ट चोर करून टाकलं. अक्षयला काय सांगू? मम्मीला काय सांगू?"

कोकिळाबाईंनी मोबाइल तिच्या हातात परत दिला आणि त्या उठल्या. राहिली होती थोरली सून. आणि गायत्रीने तोंड उघडलं तेव्हा सगळा खेळच उलटला.

३

गायत्री धूलकोटकडच्या शेतकऱ्याची मुलगी, मोकळ्या तोंडाची, कामाला वाघ. मागच्या ओट्यावर पापड वाळत घालता घालता ती बोलली.

"आत्या, बारा वर्षं झाली मले या घरात. एक पेला कोणी हातात नाही दिला. अन् ही आली तं चाबीच भेटली! मी बोलून राहिली तं म्हणतील, जळते. जळते तं जळते. खोटं कायले बोलू?"

"देठ कसा होता, गायत्री?"

"पांढरे धागे पिळायचे, अन् मधोमध लाल दोरा."

"लाल?"

"लालभडक. सरळ, वरतून खालपर्यंत. मंगळसूत्राच्या दोऱ्यात मणी ओवावं ना, तसे ते पांढरे धागे त्याच्या भोवती."

"कुठे पाहिलास तू?"

गायत्रीने पापड उलटला. तिला जे सांगायचं होतं ते आता आलं होतं.

"काल दुपारी. सगळे रस खाऊन झोपलेले. मी पाणी प्यायले उठली तं मधल्या घरात, झोपाळ्याजवळच्या तिवईवर पेला उभा! रिकामा. जवळ कोणी नाही. मोरीत नळ चालू होता. मले वाटलं, ही फोटोबिटो काढून राहिली असंल. मी कायले विचारू? मी तं अडाणी!"

विनायकराव दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पेला कपाटाबाहेर होता, कपाटाची चावी एकीकडेच होती, आणि तिने पेला काढल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी खटला संपला.

"मी काल पेला काढलाच नाही!" पल्लवी धावत येऊन म्हणाली. "मी वर अक्षयशी फोनवर बोलत होते. आणि वहिनी, त्या देठात लाल काही नाहीये! एकदा नीट बघितलं तरी आहे का तुम्ही?"

"मले डोळे नाहीत का?"

"डोळे आहेत, पण..."

"बस!" विनायकराव गरजले. "मोठ्या जावेला खोटं पाडतेस? अमोल, बसचं तिकीट आजच काढ."

पल्लवीने कोकिळाबाईंकडे पाहिलं, बुडणारा माणूस काठाकडे पाहतो तसं. लीलाबाई विळी धुऊन ठेवत होत्या. फार वेळ धुवत होत्या.

४

दुपारी कोकिळाबाई लीलाबाईंच्या खोलीत आडव्या झाल्या. झोप येईना. वैशाखातलं बुऱ्हाणपूर म्हणजे तव्यावर झोपण्यातलाच प्रकार, पण त्यांची झोप उडवणारं कारण वेगळं होतं.

त्या लहान असताना त्यांनी एकदा निळ्या नागांच्या पेल्याकडे हात नेला होता आणि आजोबांनी तो हात झटकला होता. "तू परक्या घरची. तुझं काय काम?" लग्न होऊन त्या परक्या घरी गेल्या, आणि परक्या घरून आलेल्या लीलाला पहिल्याच दिवाळीत चावी मिळाली. त्या दिवसापासून ती चावी कोकिळाबाईंच्या डोळ्यांत खुपत आली. लीलाच्या हातची पोळी मऊ झाली तरी त्या चार चुका काढायच्या. हा मत्सर होता, दुसरं काही नाही, आणि तो त्यांना माहीत होता.

म्हणूनच आज त्या लीलाबाईंपासून जरा बाजूलाच राहत होत्या. चोर लीलाच निघावी असं त्यांना इतकं वाटत होतं, की लीलावर संशय घ्यायची त्यांना भीती वाटत होती. शाळेतही नावडत्या मुलीचा पेपर तपासताना त्या दोन मार्क वरचेच द्यायच्या.

कूस बदलली तर नजर खाली गेली. लीलाबाईंच्या साड्यांच्या कपाटापुढे फरशीवर हळदीची जाड रेघ होती. मुंग्यांना अडवायला घालतात तशी.

"लीला, इथे मुंग्या कशाने गं झाल्या?"

"उन्हाळा आहे, वन्सं. कुठेही होतात," लीलाबाई दारातून म्हणाल्या आणि निघून गेल्या.

कुठेही होतात हे खरं. पण लीलाला साखरेचं दुखणं. डॉक्टरांनी गोड तोडलेलं, आणि विनायक तिच्या ताटावर पोलिसासारखा लक्ष ठेवणारा. या खोलीत गोडाचा कणही नसायचा. मग मुंग्या साड्यांना लागल्या की काय?

कोकिळाबाई उठून बैठकीत आल्या. रिकाम्या जागेसमोर उभ्या राहिल्या. दोघी सुना, दोघींनी एकच पेला पाहिलेला. एक म्हणते रंगच नाही, दुसरी म्हणते लालभडक. एक शिकलेली, तिला चुकायचं कारण नाही. दुसरी जळते, पण जळणारं माणूस पल्लवीला अडकवायला पेला बाहेर होता एवढंच सांगेल, लाल दोरा कशाला रचेल? दोघीही खऱ्या असल्या तर?

उकाड्याने जीव कासावीस झाला म्हणून त्यांनी सवयीने थर्मामीटरकडे पाहिलं. चव्वेचाळीस. काचेच्या नळीत लाल दोरा पार वरपर्यंत चढलेला होता.

कोकिळाबाई त्या दोऱ्याकडे बघतच राहिल्या. काच तर बिनरंगी होती. लाल होतं ते आत भरलेलं.

त्यांनी कपाटाच्या दाराला हात घातला. सकाळी विनायकरावांनी कुलूप लावून चावी स्वतःच्या खिशात टाकली होती. तरी त्यांनी दार जरा ओढलं, आणि ते मुकाट्याने उघडलं.

५

संध्याकाळी दिवेलागणीला त्यांनी सगळ्यांना मधल्या घरात बसवलं. पल्लवी दाराशी, बॅग जवळ. लीलाबाई झोपाळ्याच्या कडेला. अमोल मोबाइल खाली ठेवायला तयार नव्हता. कोकिळाबाईंनी नुसतं पाहिलं, त्याने ठेवला.

"पेला चोरीला गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "पेल्यातून कुणीतरी सरबत प्यायलं."

"अक्का!" विनायकराव अर्धे उठले. "या घरात? त्या पेल्यातून?"

"बैस खाली. गायत्रीने लाल दोरा पाहिला, तो खरा. पल्लवीने पाहिला नाही, तेही खरं. देठ पोकळ आहे, वरून छिद्र आहे. आखाजीचं गुलाबाचं सरबत घरात केलेलं होतंच. ते वाटीत ओतलं की देठात उतरतं. वाटी पिऊन रिकामी होते, देठातलं मात्र तसंच राहतं. तीन पिढ्या त्यात थेंब पडला नाही, म्हणून या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वाटी पुसता येते. देठात बोट जात नाही, फडकं जात नाही. डागाळलेला पेला परत ठेवला तर पकडलं जाणार. म्हणून तो लपवला."

"पण कोणी?" अमोल म्हणाला.

"तू नाहीस. विकणारा माणूस मालात सरबत ओतत नाही. गायत्री नाही. तिने ओतलं असतं तर लाल दोऱ्याचं नाव काढलं नसतं. आणि पल्लवी तर नाहीच. छिद्र आहे, देठ पोकळ आहे हे तिने दोन दिवस आधीच बोलून ठेवलंय. ज्याला भोक माहीत आहे तो त्यात पाक ओतेल का?"

पल्लवीने तोंडावर ओढणी धरली.

"चावी!" विनायकराव म्हणाले. "चावी तर..."

"चावीचं कौतुक पुरे. कपाटाचं दार खाली आलंय. उचलून लावलं नाही तर कुलपाची जीभ खाचेत बसतच नाही. चावी नुसती फिरते. तूही सकाळी लावलंस ते, आणि मी दुपारी एका बोटाने उघडलं. पल्लवीने इतके दिवस कपाट उघडंच ठेवलंय, तिला पत्ता नाही."

कोकिळाबाईंनी घसा साफ केला.

"ज्याने प्यायलं त्याने देठ पुसायची खटपट केली. आत जाईल असं एकच काही घरात असतं, कापसाची वात. देवासाठी वळलेली वात आपण केरात टाकत नाही, जीवच होत नाही. ती निरांजनात जाते. विनायक, सकाळी तुझी वात का तडतडली? तिने साखर प्यायली होती."

या घरात वाती वळणारे हात एकाच बाईचे होते, हे आता प्रत्येकाला आठवलं. पण मान वळवायची कुणाची छाती होईना.

चाळीस वर्षं कोकिळाबाई ज्या घटकेची वाट पाहत होत्या ती ही होती. नाव अगदी जिभेच्या टोकावर होतं. त्यांनी लीलाबाईंकडे पाहिलं. लीलाबाई स्वतःच्या कमरेकडे, जुडग्यात जिथे ती चावी असायची तिथे, हाताने चाचपत होत्या. ते बघितलं आणि कोकिळाबाईंच्या जिभेवरचं नाव तिथेच अडलं.

"ज्याने ठेवलाय," त्या कशाबशा म्हणाल्या, "त्याने आपल्या हाताने आणून द्यावा."

लीलाबाई उठल्या, खोलीत गेल्या. हळदीची रेघ ओलांडल्याची पिवळी पावलं उमटवत परत आल्या. हातात लग्नाचा शालू होता. त्याची घडी त्यांनी तिवईवर उलगडली. आतून पेला निघाला. पांढऱ्या पिळाच्या मधोमध लाल दोरा, जरासा काळवंडलेला.

"हाच!" गायत्री ओरडली. "हाच तं म्हणून राहिली होती मी!"

६

"लीला?" विनायकराव शालूकडे बघत म्हणाले. "आजोबांचा नेम... आणि तुला साखर वर्ज्य... का केलंस हे?"

"का?" लीलाबाई झोपाळ्यावर बसल्या. "काल दुपारी तुम्ही हिचं देठाचं बोलणं मोबाइलवर लावून ऐकत होता. पुन्हा पुन्हा. आणि वा, वा, म्हणत होता. चाळीस वर्षं मी ते देठ पुसले. माझ्या एका पोळीला वा म्हटलं नाही कधी. माझ्या कमरेची चावी काढलीत, तीही पाहुण्यांसमोर. म्हटलं, हिने बोलायचं आणि मी नुसतं पुसायचं! एकदा पिऊन तरी बघते."

"आई," पल्लवी दाराशीच उभी होती. "मी बॅग भरत होते. तुम्ही बघितलं होतं."

"बघितलं." लीलाबाईंनी डोळे टिपले नाहीत, वाहू दिले. "बघितलं आणि मला बरं वाटलं. मग बरं वाटलं म्हणून लाज वाटली. तरी बोलले नाही. तू मला डोळ्यांसमोर नकोशी झाली होतीस, बाई. हे मी केलंय, माझं मीच केलंय."

विनायकरावांना पुन्हा आजोबा आठवायला लागले होते. कोकिळाबाईंनी त्यांना बोलू दिलं नाही.

"विनायक, आजोबांनी मला हात लावू दिला नाही. तू लीलाची चावी काढताना तिला विचारलं नाहीस. आणि या पोरीला, पुरावा नसताना, चोर म्हणालास. पेल्याचा नेम मोडला म्हणून तू कुणावर रागावणार आहेस? आधी या पोरीची माफी माग."

विनायकरावांनी सुनेपुढे हात जोडले. तिने ते खाली करायला लावले, पण हसली नाही. मग त्यांनी खिशातून चावी काढून बायकोपुढे धरली. लीलाबाईंनी ती घेतली नाही.

"तिलाच द्या. आणि तिला दार उचलून लावायला शिकवा."

पल्लवीने चावी घेतली. तिवईपाशी आली. पेला उजेडाकडे धरून फिरवून पाहिला. राग अजून चेहऱ्यावर होता, पण डोळे देठावरून हलत नव्हते. मोबाइल काढून तिने लीलाबाईंपुढे धरला.

"माझं वर्णन रिकाम्या देठाचं आहे. भरलेला देठ मी पाहिलेलाच नाही. सरांना तुम्हीच सांगा, आई."

"मी? मी काय सांगू?"

"जे झालं ते. ओतल्यावर काय दिसलं."

लीलाबाईंनी पदर सावरला. आधी बिचकल्या, मग पेल्याकडे पाहून बोलू लागल्या. "ओतलं ना, तर आधी काहीच होत नाही. सरबत वाटीतच थबकतं. मग आतून एक बुडबुडा वर येतो, आणि लाल थेंब हळूच खाली सरकतो. पांढरे धागे तेव्हा लाल दोऱ्याभोवती फिरल्यासारखे वाटतात, नुसते वाटतात, फिरत नाहीत. खाली बुडापर्यंत पोचायला बराच वेळ घेतो. मला वाटलं, माझ्यासाठीच कुणीतरी..." एवढ्यावर त्या थांबल्या. पल्लवीने तसंच पाठवून दिलं.

उत्तर यायला फार वेळ लागला नाही. साहेब म्हणत होते, असा देठ भरलेला पाहिलेलं माणूस मला प्रथमच भेटतंय. या बाई कोण? प्रदर्शनाला तुम्ही दोघी या. पल्लवीने ते मोठ्याने वाचलं आणि बॅग पायाने दाराआड सारली. गायत्री म्हणाली, "लाल दोरा आधी मी सांगितला व्हता, हे बी सांगा त्याले." पल्लवीने तेही लगेच पाठवलं, तेव्हा दोघी जावा पहिल्यांदा एकमेकींकडे पाहून हसल्या.

आणि कोकिळाबाईंचा तोच जुना मत्सर पुन्हा जागा झाला. डोकं चालवलं त्यांनी, पोरीला वाचवलं त्यांनी, आणि मुंबईचं बोलावणं आलं लीलाला! चोरी करूनही हिचंच कौतुक! त्या झोपाळ्यावर घुश्शातच बसल्या. मग एकदम म्हणाल्या,

"लीला, मलाही दे. त्याच पेल्यातून."

विनायकरावांनी एकदा भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. लीलाबाईंनी आतून सरबताचा तांब्या आणला, पेला भरला आणि दोन्ही हातांनी नणंदेपुढे धरला. सत्तरीला टेकलेल्या कोकिळाबाईंनी तो पहिल्यांदा हातात घेतला. सरबत थबकलं, बुडबुडा वर आला आणि काळवंडलेला दोरा पुन्हा लालभडक झाला. त्या शेवटपर्यंत प्यायल्या.

"कसं आहे, वन्सं?" लीलाबाईंनी विचारलं.

"साखर जास्त झालीय," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि रिकामा पेला पुढे केला. "अजून थोडं घाल."